मधलं कडवं, सावकाश

मंगळवारी दुपारचे चार वाजले की जावा बेटावरच्या क्लातेनमधल्या निम्म्या शिंप्यांची यंत्रं थांबतात, असं बू वुर्यानीला तिच्या बासरीवाल्याने एकदा सांगितलं होतं. बासरीवाला म्हणजे पाक गियात्नो. (तिकडे बाईंना बू म्हणतात, पुरुषांना पाक.) निवृत्त शाळामास्तर, त्यामुळे आकडे फुगवून सांगायची खोड. पण निम्मे नसले तरी पाचसहा शिंपी नक्की थांबत असतील, एवढं वुर्यानीही मनात धरून चालली होती. गाणाऱ्या बाईला तेवढं पुरतं.

सत्तावीस वर्षं ती केनांगा रेडिओवर दर मंगळवारी क्रोंचोंग, म्हणजे तिकडची जुनी भावगीतं, गात आली. स्टुडिओ म्हणजे मालकाच्या घराची मागची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, पंखा बंद, आणि आत सहा म्हातारे घामाघूम. दोन चिमुकल्या तारवाद्यांची किणकिण, व्हायोलिन, बास, गियात्नोची बासरी, आणि चेलो. हा चेलो गजाने वाजवत नाहीत. पाक दार्मो तो मांडीशी धरून बोटांनी बडवायचा, ढोलकीसारखा. आणि मध्ये वुर्यानी, माइकसमोर, हातात कार्डांचा गठ्ठा.

ती कार्डं म्हणजे कार्यक्रमाचा जीव. पानसुपारीच्या टपरीवर, किराण्याच्या दुकानात विकत मिळायची. त्यावर चार रेघा छापलेल्या: कोणाकडून, कोणासाठी, कोणतं गाणं, काय निरोप. खरं नाव कोणी लिहीत नसे. प्रत्येकाचं हवेतलं एक नाव ठरलेलं. सुकलेला मोगरा, खारट चहा, विधुर नंबर दोन. (विधुर नंबर एक कोण, यावर एकदा तीन आठवडे भांडण चाललं होतं.) वुर्यानी कार्ड वाचायची, निरोप पोचवायची, आणि मगच गायची. कार्ड न वाचता तिला गाताच येत नसे. कोणासाठी हे ठाऊक नसलं की तिचा गळा हट्टी बैलासारखा जागीच बसायचा.

पहिलं कार्ड मानाचं. सर्वांत जुन्या, एकही मंगळवार न चुकवलेल्या श्रोत्याचं कार्ड आधी वाचायचं, ही केनांगाची रीत. गेली एकोणीस वर्षं तो मान एकाच नावाकडे होता: सेपुर सोरे. म्हणजे संध्याकाळची गाडी. दर मंगळवारी तेच कार्ड, तेच वळणदार, शाळकरी अक्षर.

कोणाकडून: सेपुर सोरे. कोणासाठी: ज्यांना घाई आहे त्या सगळ्यांसाठी. गाणं: पलीकडचा दिवा. निरोप: मधलं कडवं सावकाश म्हणावं.

एकोणीस वर्षांत एक अक्षर बदललं नाही. सुरुवातीला वाद्यवाले हसायचे. "आला का तुमचा सावकाशवाला?" असं दार्मो विचारायचा. मग हसणं संपलं आणि सवय लागली. वुर्यानी मधलं कडवं खरंच सावकाश म्हणू लागली, इतकं की पुढे पुढे तिला ते दुसऱ्या कुठल्या चालीत म्हणताच येईना.

तिचा नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती. भला माणूस होता. तिचं गाणं त्याने ऐकलं नाही असं नव्हे, पण ऐकताना तो नेहमी काहीतरी शोधत असे. चष्मा, किल्ली, काल ठेवलेली पावती. आणि इकडे कोण कुठला एक माणूस मधल्या कडव्यासाठी जीव टाकत होता. त्या नावाला चेहरा नव्हता, त्यामुळे वुर्यानी त्याला हवा तो चेहरा द्यायची. कधी उंच, कधी टकला, कधी हातात छत्री. तिला त्याची ओढ होती. हिला प्रेम म्हणावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. छपन्न वर्षांच्या बाईला असल्या गोष्टींना नाव द्यायची गरज वाटत नाही.

मग म्हातारे मालक वारले आणि घर फिरलं की वासे फिरतात तसं झालं. सुरबायातल्या मुलांनी केनांगा जाकार्ताच्या एका कंपनीला विकला. कंपनीने मागच्या खोलीतल्या टेपा, डिस्का, सत्तावीस वर्षांचे मंगळवार खोक्यांत भरून नेले आणि लहरी बंद केल्या. रेडिओ आता फोनमध्ये, असं सांगण्यात आलं. शेवटच्या मंगळवारीही मानाचं पहिलं कार्ड आलं होतं. तेच अक्षर, तोच निरोप, एक शब्द जास्त नाही. वुर्यानीला ते लागलं. रेडिओ बंद होतोय हे गावभर झालं होतं. याला एवढंही लिहावंसं वाटू नये?

दोन महिन्यांनी गियात्नो फोन घेऊन तिच्या ओट्यावर आला. आल्याचा उकाळा पुढे आला तरी त्याने त्याला हात लावला नाही. एवढ्यावरूनच वुर्यानीने ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"ऐका," तो म्हणाला.

कंपनीच्या ॲपवर तिचीच गाणी होती. शेकड्यांनी. वर तिचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो, पाठीमागे सूर्यास्त चिकटवलेला. आवाज धुऊनपुसून स्वच्छ केलेला. व्हायोलिन सुरू होई, ती गाई, गाणं संपे, लगेच दुसरं सुरू.

"कार्डं कुठे गेली?" वुर्यानीने विचारलं.

"कापली."

"सगळी?"

"सगळी. मी काल सकाळपासून ऐकतोय. एकाही गाण्याला डोकं ठेवलेलं नाही."

पुढच्याच आठवड्यात कंपनीची बाई आली. म्बाक फेलिसिया, म्हणजे फेलिसियाताई, तिशीतली, चपला बाहेर काढून आत येणारी, तळलेलं तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, मागून घेणारी, एकूण घरचं वळण असलेली. तिने कागद पुढे ठेवले. वुर्यानीने कंपनीसाठी नवी गाणी म्हणावीत, कंपनी तिचं नाव देशभर नेईल. अट एकच: इंटरनेटवर दुसरीकडे कुठेही गायचं नाही.

"कार्डं का कापलीत?" वुर्यानी म्हणाली.

"बू, लोक पहिल्या आठ सेकंदांत निघून जातात. बोलणं ऐकत नाहीत."

"निघून कुठे जातात?"

फेलिसियाने तोंडातलं तेंपे गिळलं. "ते आम्हालाही माहीत नाही," ती म्हणाली. मग जरा आवाज उतरवून, "मला स्वतःला ते वाचणं आवडलं होतं. खारट चहावाला तर फारच. पण मला कोण विचारतंय?"

"मग कार्डं परत जोडा. मी सही करते."

"ते माझ्या हातात नाही, बू."

"मग हे तुमच्या हातात राहू द्या," असं म्हणून वुर्यानीने कागद तिला परत दिले आणि वर केळीच्या पानात बांधून उरलेलं तेंपेही दिलं. राग कागदावर होता, पोरीवर नव्हता.

दार्मोने कपाळाला हात लावला. "पदरी पडलं पवित्र झालं म्हणायचं सोडून, बू वुर, तुम्ही देशभर जायचं नाकारलंत?"

"देशभर जाऊन मी कोणासाठी गाऊ?" वुर्यानी म्हणाली. "नाव सांग एक."

गियात्नोला मात्र भलतंच सुचलं. आपणच गायचं, आपल्याच ओट्यावरून, आपल्याच फोनवरून. निवृत्तीनंतर मास्तरांना एक तरी खूळ लागतं, गियात्नोला हे लागलं. त्याने कपडे वाळत घालायच्या काठीला फोन बांधला आणि वाद्यवाल्यांना चौकटीत बसवण्यासाठी इतकं इकडेतिकडे सरकवलं की बासवाला कुंपणाच्या झुडपात जाऊन बसला.

पहिल्या मंगळवारी चार वाजता फोनच्या कोपऱ्यात एक आकडा दिसू लागला. अकरा. मग चाळीस. मग दोनशे सहा. खालून लाल बदाम तरंगत वर जात होते आणि विरत होते. वुर्यानीने गठ्ठ्यासाठी हात पुढे केला. हातात काही नव्हतं.

"गा ना," गियात्नो पुटपुटला.

"कोणासाठी?"

"दोनशे सहा जणांसाठी."

दोनशे सहा हे काही माणसाचं नाव नव्हे. तरी तिने डोळे मिटले आणि सेपुर सोरे तिथेच कुठेतरी आहे असं धरून 'पलीकडचा दिवा' सुरू केलं. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. मधल्या कडव्याला ती पोचली आणि तिचा आवाज पूर्ण उघडला. नेमक्या त्याच वेळी गियात्नो हात हलवायला लागला. ती थांबली नाही. कडवं संपवून पाहते तर मास्तरांचा चेहरा पडलेला.

"आवाज बंद झाला," तो म्हणाला. "पलीकडे कोणालाही ऐकू गेलं नाही. इथे लिहून आलंय. हे गाणं कंपनीच्या मालकीचं आहे म्हणतात. त्यांच्या यंत्राने ओळखलं."

"काय ओळखलं?"

"तुमचा आवाज. त्यांच्याकडे साठवलेल्या तुमच्याच आवाजाशी जुळला." गियात्नोने डोकं खाजवलं. "बू वुर, तुम्ही स्वतःचाच गळा चोरताना पकडल्या गेलात."

दार्मो हसला, बासवाला झुडपातून हसला. वुर्यानीही हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांची उगाच आदळआपट करत बराच वेळ उभी राहिली. तिला रडू आलं होतं. आवाज बंद पडला याचं एवढं नव्हतं. त्या दोनशे सहांत तो होता की नव्हता, हे कळायला काही मार्गच नव्हता. त्याला तिचं खरं नाव माहीत होतं, पण त्याने फोनवर आपलं कुठलं नाव लावलं असेल? हवेतलं नाव हवेबरोबर गेलं.

मार्ग निघाला तो कचऱ्यातून. कंपनीने टेपा नेल्या, पण कार्डांची पोती तिथेच टाकली होती आणि ती भंगारात जायच्या आधी गियात्नोने घरी आणून पलंगाखाली कोंबली होती. त्याची बायको त्यावरून रोज त्याचा उद्धार करत असे. वुर्यानीने दोन दुपारी बसून सेपुर सोरेची कार्डं वेगळी केली. मांडीवर घेतली तेव्हा भाताच्या मोठ्या टोपलीएवढा ढीग झाला. आणि तेव्हा तिला प्रथमच कार्डाच्या मागची बाजू दिसली. विकणाऱ्या दुकानाचा जांभळा शिक्का तिथे असे. एकोणीस वर्षं एकच शिक्का: म्बाह तुमी, स्रोवोतचं फाटक.

काखेत कळसा गावाला वळसा, असं स्वतःलाच म्हणत वुर्यानीने पाऊणएक तास सायकल मारली.

म्बाह तुमीची, म्हणजे तुमीआजीची, टपरी रेल्वेच्या फाटकाला अगदी चिकटून होती. केळी, सिगारेटी, गॅसच्या लहान टाक्या, आणि मध्ये सत्तरीची तुमी, तोंडात विड्याचा लाल रंग. वुर्यानीने एक कार्ड पुढे धरलं. म्हातारीने कार्ड पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"या," ती म्हणाली. "उशीर केलात."

"कुठे आहेत ते?"

"सारजिमान ना? गेला."

वुर्यानीने टपरीच्या फळीला हात टेकला.

"अहो, वर नाही गेला," तुमी म्हणाली. "सुमात्राला गेला. लांपुंगमध्ये, प्रिंगसेवुला मुलगा असतो त्याचा. इथल्या फाटकावर होता तो, फाटकवाला. ते समोरचं खोपटं आहे ना, त्याची रेडिओची खुंटी अजून तिथेच आहे. बायको लवकर गेली, निवृत्त झाला, मुलाने नेला. झाली की दोन वर्षं."

"दोन वर्षं?" वुर्यानी म्हणाली. "पण कार्डं तर शेवटच्या आठवड्यापर्यंत येत होती."

"ती मी टाकत होते." तुमीने फळीखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. "जाताना बसून एकशेवीस कार्डं लिहिली त्याने. इथेच, या बाकावर, चार दिवस. म्हणाला, दर सोमवारी एक टाक. मी म्हटलं, अरे बाबा, तिकडे लांपुंगला केनांगा लागत नाही, समुद्र आहे मध्ये. तुला ऐकू येणार नाही, मग फर्माईश कशाला? म्हणाला, कार्ड थांबलं तर बाईंना वाटेल मी कंटाळलो."

वुर्यानी बाकावर बसली. बाक तोच होता.

दोन वर्षं ती त्याला गाऊन दाखवत होती आणि तो ऐकत नव्हता. ऐकू येणार नाही हे माहीत असून त्याने मागणं सोडलं नव्हतं. तिने कल्पिलेल्या सगळ्या चेहऱ्यांपैकी एकाही चेहऱ्याला हे सुचलं नसतं.

"आणि ते मधलं कडवं?" तिने विचारलं. "सावकाश का?"

तुमी उत्तर द्यायच्या आधी फाटकाचा भोंगा वाजायला लागला. दांडा खाली आला, मोटारसायकली अडकल्या, सगळ्यांना घाई. भोंगा वाजत राहिला, वाजत राहिला, मग सोलोकडची गाडी धडधडत आली. फळीवरच्या बाटल्या थरथरल्या, तुमीचे ओठ हलताना दिसत होते पण शब्द एक ऐकू येईना. गाडी गेली, दांडा वर झाला. वुर्यानीने टपरीतल्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून नऊ मिनिटं.

"हे असं," तुमी म्हणाली. "रोज. तुमचा कार्यक्रम चारला सुरू. नमस्कार, चमत्कार, मानाचं कार्ड, त्याचं गाणं. पहिलं कडवं झालं की भोंगा. गाडी जाईपर्यंत गाणं शेवटाला. इथे होता ती सतरा वर्षं त्याने मधलं कडवं ऐकलेलं नाही. मीही नाही. त्याला वाटायचं, बाईंनी सावकाश म्हटलं तर निदान शेपूट तरी कानी पडेल."

"सुट्टीच्या दिवशी?"

"घर त्या खोपट्यामागेच. भोंगा काय सुट्टी बघून वाजतो?"

"पण मग माझं गाणं उशिरा लावा, एवढं कार्डावर लिहायचं की हो. चौथं लावा, पाचवं लावा. आम्ही लावलं असतं."

म्बाह तुमीने तिच्याकडे जरा दयेने पाहिलं. "तुम्ही त्याला मानाचं पहिलं पान वाढत होतात. ते पान मला नको, असं कसं म्हणायचं माणसाने? तुम्ही म्हटलं असतंत?"

वुर्यानीने म्हटलं नसतं. क्लातेनमध्ये कोणीच म्हटलं नसतं. भीड ही भिकेची बहीण, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी सगळे भिडेनेच जगतात. ज्याने सर्वांत मन लावून ऐकलं त्याला मान द्यायचा म्हणून केनांगाने त्याला नेमकं गाडीच्या वेळेवर बसवलं होतं, आणि तो मान राखायचा म्हणून तो सतरा वर्षं गप्प बसला होता.

डब्यात नऊ कार्डं उरली होती. तुमीने ती तिला डब्यासकट दिली. सारजिमानचा नंबर तिच्याकडे नव्हता. मुलाचं नावही तिला आठवेना. "प्रिंगसेवु," ती पुन्हा म्हणाली, जणू ते चार घरांचं गाव असावं.

आता यंत्राचं काय करायचं ते गियात्नोने शोधलं. "ते व्हायोलिनच्या सुरुवातीला ओळखतं आणि तुमच्या क्रमाला ओळखतं," तो शिकवणीच्या आवाजात म्हणाला. "आपण क्रमच मोडू. सुरुवात नाही, व्हायोलिन नाही. दार्मोचा चेलो आणि तुम्ही. थेट मधलं कडवं आधी."

"मास्तर, हे सगळं तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नाही. अंदाज आहे."

अंदाज खरा ठरला. मंगळवारी चार वाजता वुर्यानीने कपड्यांच्या काठीसमोर उभं राहून पहिलं कार्ड वर धरलं. "मानाचं पहिलं कार्ड," ती म्हणाली. "कोणाकडून: सेपुर सोरे. कोणासाठी: ज्यांना घाई आहे त्या सगळ्यांसाठी." आणि पुढे, कार्डावर नव्हतं ते: "हे गृहस्थ प्रिंगसेवुला असतात. नाव सारजिमान, स्रोवोतचे फाटकवाले. कोणाला माहीत असतील तर त्यांना सांगा, आता गाडीच्या आधी म्हणते."

मग चेलो, आणि मधलं कडवं.

पलीकडच्या तीरावर दिवा आहे,
माझी होडी अलीकडेच बांधलेली.
वाऱ्या, तू जाशील तर सांग,
मी अजून झोपलेले नाही.

कोणी आवाज बंद केला नाही. बदाम तरंगले. आणि खाली अक्षरं उमटायला लागली, एकापाठोपाठ एक. सुकलेला मोगरा इथे आहे, आता नातवाच्या फोनवर. खारट चहा, सध्या मलेशियात. माझंही कार्ड वाचाल का? आईसाठी, ती आता नाही, तरी वाचा. फेलिसियाने सांगितलेली आठ सेकंदं केव्हाच उलटून गेली होती आणि कोणी कुठे गेलं नव्हतं. गियात्नो वहीत उतरवत होता, वुर्यानी वाचत होती, गात होती. गळा विशीतल्या पोरीसारखा चालला. फक्त सेपुर सोरे कुठे उमटला नाही.

दुसऱ्या मंगळवारी नाही. तिसऱ्या, चौथ्याही नाही. वुर्यानी मनातून कार्डं मोजत होती आणि मोजते आहे हे कोणाला कळू देत नव्हती. आठवडाभर ती नेहमीसारखी असे, कपडे शिवी, शेजारणीशी भांडे. सोमवारपासून तिला जेवण जाईना. सहाव्या मंगळवारी हाँगकाँगला घरकाम करणाऱ्या एका बाईने लिहिलं: मी प्रिंगसेवुची आहे. आईच्या गल्लीत एक म्हातारे आहेत, जावा बेटावरून आलेले. रोज दुपारी चारला घड्याळ बघतात आणि नऊ मिनिटं कोणाशी बोलत नाहीत. तेच का, बघते.

सातव्या मंगळवारी त्या बाईचं काही आलं नाही. आठव्यालाही नाही. दार्मो म्हणाला, "म्हाताऱ्यांचं काय असतं बू वुर, आज आहेत..." आणि गियात्नोने त्याच्या पायावर पाय दिला.

नववं कार्ड शेवटचं. वुर्यानीने ते आधी वाचून ठेवलं नव्हतं. सगळी सारखीच होती, वाचायचं काय? त्या मंगळवारी तिने ते सगळ्यांसमोर डब्यातून काढलं.

"मानाचं पहिलं कार्ड. कोणाकडून: सेपुर सोरे. कोणासाठी..." ती थांबली. त्या रेघेवर या वेळी वेगळं लिहिलेलं होतं. एकशेविसाव्या कार्डावर पोचेपर्यंत त्या माणसाचं अक्षर थकलेलं दिसत होतं. "कोणासाठी: बू वुर्यानी यांच्यासाठी. गाणं: त्यांना आवडेल ते. निरोप: हे शेवटचं. पुढच्या मंगळवारपासून दुसऱ्या कोणाचं कार्ड पहिलं वाचावं. मला पुष्कळ मिळालं."

फोनसमोर तेव्हा अकराशे माणसं होती. तिने पदराच्या टोकाने नाक पुसलं ते सगळ्यांना दिसलं.

"मला आवडेल ते," ती म्हणाली. "मला हेच आवडतं." दार्मोने चेलोवर बोटं टाकली आणि तिने मधलं कडवं घेतलं, इतकं सावकाश की बासवाल्याला दम धरवेना. शेवटची ओळ झाली. पुढचं कार्ड उचलायचं तिच्या लक्षात आलं नाही.

गियात्नोने चष्मा कपाळावर चढवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. मास्तराचा आवाज वर्गात कधी कापला नसेल, तो आत्ता कापला.

"प्रिंगसेवुहून आलंय," तो म्हणाला. "वाचतो. 'मी सारजिमान यांची सून. हाँगकाँगच्या ताईंच्या आईने आज आम्हाला तुमचं गाणं फोनवर लावून दिलं. बाबा समोर बसले आहेत. इथे गाडी नाही, भोंगा नाही. पण बू गायला लागल्यापासून बाबा सगळ्या शेजाऱ्यांना, हीच ती, हीच ती, असं मोठ्याने सांगत बसले, त्यामुळे मधलं कडवं आजही ऐकायचं राहिलं. पुन्हा म्हणाल का? त्यांना विचारायची भीड वाटते, म्हणून मी विचारते.'"

वुर्यानीने फोनच्या काळ्या ठिपक्याकडे पाहिलं. तिथूनच पलीकडे दिसतं, असं मास्तरांनी तिला शिकवलं होतं.

"पाक सारजिमान," ती म्हणाली, "आता तोंड मिटून बसा."

आणि तिने मधलं कडवं पुन्हा धरलं, सावकाश.